पावडर-लालीच्या पैशातून घडला ५६ फुटांचा बुद्ध, आणि पैसे देणारी राणी पुढं चीनची 'सम्राट' झाली

चीनच्या हेनान प्रांतात लुओयांग नावाचं जुनं शहर आहे. शहरापासून दक्षिणेला साधारण १३ किलोमीटरवर यी नदी लागते. नदीच्या दोन्ही काठांवर चुनखडीचे डोंगर आणि त्या डोंगरांत कोरलेली लेणी. यांना लोंगमेन लेणी म्हणतात. लहान-मोठ्या गुहा आणि देवळ्या मोजल्या तर २,३०० च्या आसपास, आणि मूर्ती एक लाखाच्या घरात. काही मूर्ती तर बोटाच्या पेराएवढ्या आहेत.

पण लोंगमेनला जाणारा माणूस हमखास थांबतो तो एकाच जागी. पायऱ्या चढून वर गेलं की एकदम मोकळी जागा येते आणि समोर बसलेला दिसतो एक प्रचंड बुद्ध. उंची १७.१४ मीटर, म्हणजे जवळपास ५६ फूट. नुसतं डोकं ४ मीटरचं. एकेक कान १.९ मीटरचा, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा उंच. हा वैरोचन बुद्ध आणि या जागेचं नाव फेंगशियान मंदिर.

या मूर्तीच्या चौथऱ्यावर एक शिलालेख आहे. त्यात लिहिलंय की इसवी सन ६७२ मध्ये राणी वू हिनं आपल्या पावडर-लालीच्या खर्चातले २०,००० सर पैसे या कामाला दिले. त्या काळी चीनमध्ये नाण्यांना मधोमध भोक असायचं आणि हजार नाणी दोरीत ओवून एक सर व्हायचा. म्हणजे हिशेब होतो २ कोटी नाण्यांचा.

ही राणी वू म्हणजेच वू झेतियान. चीनच्या दोन हजार वर्षांहून मोठ्या राजेशाहीत स्वतःच्या नावापुढं सम्राट ही पदवी लावून गादीवर बसलेली एकमेव बाई. आजही लोंगमेनचे गाईड सांगतात की त्या बुद्धाचा चेहरा खरं तर तिचाच आहे.

हे खरं आहे का, हे बघायचं तर आधी या बाईची गोष्ट बघावी लागते.

लाकडाच्या व्यापाऱ्याची पोरगी

वू झेतियानचा जन्म साधारण ६२४ सालचा. तिचा बाप वू शिहुओ लाकडाचा व्यापारी होता. सुई घराण्याची सत्ता कोसळत होती तेव्हा त्यानं ली युआन नावाच्या सरदाराला साथ दिली. ६१८ मध्ये याच ली युआननं तांग घराणं स्थापन केलं आणि आपल्या या व्यापारी साथीदाराला मोठमोठी पदं दिली. पैसा होता, पद होतं, पण जुन्या खानदानी सरदारांच्या नजरेत वू घराणं नवश्रीमंतच राहिलं.

आईची बाजू मात्र वेगळी होती. ती यांग घराण्यातली, म्हणजे आधीच्या सुई राजघराण्याच्या नात्यातली, आणि बौद्ध धर्मावर तिची मोठी श्रद्धा होती. मुलगी लहानपणापासून लिहा-वाचायला शिकली. सूत्रं, पूजा, विहार हे सगळं तिला घरातच मिळालं. पुढं तिनं जे केलं त्याचं मूळ इथं सापडतं.

वय १४ च्या आसपास असताना तिला राजवाड्यात बोलावणं आलं. तांग घराण्याचा दुसरा सम्राट ताइझोंग याच्या जनानखान्यात ती दाखल झाली. जनानखान्यातही पदांची उतरंड असायची. हिचं पद पाचव्या श्रेणीचं होतं. तिच्यासारख्या कितीतरी मुली तिथं होत्या. दहा-अकरा वर्षं ती तिथं राहिली, पण तिला मूल झालं नाही आणि तिचं पदही वाढलं नाही.

६४९ मध्ये ताइझोंग वारला. रिवाज असा होता की सम्राट गेल्यावर मूलबाळ नसलेल्या दासी-राण्यांनी डोकं भादरून भिक्षुणी व्हायचं. पंचविशीतली वू चांगआनच्या गानये विहारात गेली. बाकीच्यांची गोष्ट अशा विहारातच संपायची.

विहारातून परत वाड्यात

पण नवा सम्राट गाओझोंग, म्हणजे ताइझोंगचा मुलगा, तिला आधीपासून ओळखत होता. बापाच्या पुण्यतिथीला तो विहारात गेला, तिथं दोघांची गाठ पडली आणि दोघंही रडले, असं जुने इतिहासकार सांगतात.

इथं राजकारण शिरलं ते गाओझोंगच्या पट्टराणीच्या बाजूनं. राणी वांगला मूल नव्हतं आणि सम्राटाचा जीव शियाओ नावाच्या दुसऱ्या राणीवर होता. काट्यानं काटा काढावा म्हणून राणी वांगनंच वूला केस वाढवायला सांगून वाड्यात परत आणलं. शियाओचं महत्त्व कमी झालं खरं, पण त्याच वेळी राणी वांगचंही संपलं.

६५२ मध्ये वूला पहिला मुलगा झाला, ली होंग. ६५४ मध्ये तिची तान्ही मुलगी दगावली. वूनं स्वतःच तिला मारलं आणि आळ राणी वांगवर घातला, ही चीनमधली प्रसिद्ध गोष्ट. पण ती इतक्या तपशिलात सांगणारे इतिहासग्रंथ अकराव्या शतकातले आहेत, म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी लिहिलेले. ते लिहिणारे कन्फ्युशियन विचारांचे अधिकारी होते आणि बाईनं राज्य करणं हेच त्यांच्या लेखी पाप होतं. त्यामुळं या गोष्टीवर आजचे अभ्यासक डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत.

जे नक्की आहे ते असं. ६५५ मध्ये राणी वांग आणि शियाओ दोघींची पदं गेली, वू पट्टराणी झाली आणि थोड्याच दिवसांत त्या दोघींना क्रूरपणे मारण्यात आलं. तिला विरोध करणाऱ्या जुन्या मंत्र्यांना दूरच्या प्रांतांत धाडलं गेलं.

त्यानंतर वूचा ओढा चांगआनपेक्षा लुओयांगकडं वाढला. मारलेल्या राण्यांची भुतं तिला चांगआनच्या वाड्यात दिसायची, असं जुनी पुस्तकं सांगतात. पण दुसरं कारण जास्त पटणारं आहे. चांगआनला धान्याची कायम टंचाई असायची, आणि दक्षिणेतून कालव्यानं येणारं धान्य लुओयांगला पोचवणं सोपं होतं. कारण काहीही असो, दरबाराचा मुक्काम लुओयांगला वाढला आणि लोंगमेनचे डोंगर राजवाड्याच्या अगदी जवळ आले.

ह्युएन त्सांग आणि राणीचं बाळंतपण

ह्युएन त्सांग आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. ६४० च्या आसपास तो महाराष्ट्रात येऊन गेला, चालुक्य राजा पुलकेशीबद्दल आणि इथल्या लोकांच्या स्वभावाबद्दल त्यानं लिहून ठेवलं. ६४५ मध्ये तो शेकडो संस्कृत ग्रंथ घेऊन चीनला परतला आणि भाषांतराच्या कामाला लागला.

६५६ मध्ये राणी वूचं बाळंतपण अवघड जाईल अशी लक्षणं होती. तेव्हा राजा-राणीनं याच ह्युएन त्सांगला प्रार्थना करायला सांगितलं. मुलगा सुखरूप जन्मला. त्याला बुद्धाचा प्रकाश अशा अर्थाचं नाव मिळालं, छोटंसं काषाय वस्त्र घातलं गेलं आणि नावापुरता तो ह्युएन त्सांगचा शिष्य झाला. हा पोरगा पुढं दोनदा सम्राट झाला, आणि त्यातल्या पहिल्या वेळी त्याला गादीवरून खाली खेचणारी त्याची आईच होती.

पडद्यामागची राणी

६६० पासून गाओझोंगची तब्येत ढासळली. डोकं भणभणायचं, दिसायचं नाही. कागदपत्रं राणी वाचू लागली आणि निर्णयही तीच घेऊ लागली. ६६४ मध्ये शांगगुआन यी नावाच्या मंत्र्यानं तिला पदावरून हटवायचा मसुदा तयार केला. राणीला वेळेत कळलं, सम्राटानं माघार घेतली आणि मंत्र्याचा जीव गेला. तेव्हापासून दरबारात सम्राटाच्या मागं पडदा असायचा आणि पडद्यामागं राणी. लोक दोघांना मिळून दोन पुण्यात्मे म्हणू लागले.

६६६ मध्ये ताइ पर्वतावर स्वर्ग आणि पृथ्वीची महापूजा झाली. ही पूजा करायची हिंमत फार थोड्या सम्राटांनी केली होती. त्यात पृथ्वीला दुसरा नैवेद्य दाखवायचा मान राणीनं मागून घेतला. पृथ्वी ही माता, मग तिच्या पूजेत पुरुष अधिकारी कशाला, असा तिचा युक्तिवाद होता. तिचा डाव नेहमी असाच असायचा. नियम मोडायचा नाही, त्याच नियमातून स्वतःसाठी जागा काढायची.

मग आला तो बुद्ध

आता पुन्हा लोंगमेनकडं येऊ. इथली लेणी तांग काळाच्या खूप आधीची. उत्तर वेई घराण्यानं राजधानी लुओयांगला आणली तेव्हा, म्हणजे ४९३-९४ च्या सुमाराला, कोरायला सुरुवात झाली. तेव्हापासून राजे, सरदार, भिक्षू, व्यापारी आणि साधी माणसंही पुण्य मिळवायला इथं मूर्ती कोरून घ्यायची. सोबत लेखही कोरायचे, कोणाच्या नावानं, कशासाठी. असे जवळपास २,८०० लेख इथं आहेत.

फेंगशियानचं काम मात्र या सगळ्यांपेक्षा मोठं होतं. आधी डोंगराचा उतारच तासून काढला. साधारण ३५ ते ४० मीटर लांबी-रुंदीची मोकळी जागा तयार झाली आणि मागची भिंत उभी कापली गेली. अशा कामात वरून खाली कोरत यायचं असतं. आधी डोकं, मग खांदे, मग खाली. आपल्या वेरूळचं कैलास लेणंही पुढच्या शतकात याच वरून-खाली पद्धतीनं कोरलं गेलं. यात चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही.

मधोमध वैरोचन बुद्ध. त्याच्या दोन बाजूंना आनंद आणि काश्यप हे शिष्य, मग दोन बोधिसत्त्व, मग दोन लोकपाल आणि टोकाला दोन द्वारपाल. एकूण ९ मोठ्या मूर्ती. बुद्ध शांत, बोधिसत्त्व दागिन्यांनी मढलेले, द्वारपाल डोळे वटारून उभे. नीट बघितलं तर ही मांडणी दरबारासारखी आहे. मधे सम्राट, बाजूला विद्वान, दाराशी सैनिक.

शिलालेखात काम बघणाऱ्यांची नावं आहेत. शानदाओ हा त्या काळचा नामांकित भिक्षू, हुइजियान हा दुसरा भिक्षू, वेई जी हा बांधकाम खात्याचा अधिकारी आणि ली जुनझान वगैरे कारागीर. कारागिरांची नावं टिकून राहणं ही त्या काळात मोठी गोष्ट. राणीनं पैसे दिले ६७२ मध्ये आणि काम पुरं झालं ६७५ च्या वर्षअखेरीला, म्हणजे पावणेचार वर्षांत. ६७९ मध्ये मूर्तीच्या दक्षिणेला फेंगशियान नावाचा विहार बांधला गेला आणि तेच नाव पुढं या लेण्यालाही चिकटलं. नावाचा अर्थ पूर्वजांचा मान राखणं.

चेहरा नक्की कोणाचा?

राणीनंच आपला चेहरा कोरून घेतला, ही गोष्ट ऐकायला भारी आहे. पण पुरावा बघायला गेलं तर हाती फार थोडं लागतं.

एक, शिलालेखात चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही. दोन, त्याच लेखात ही मूर्ती सम्राट गाओझोंगनं घडवून घेतली असं म्हटलंय, राणीनं मदत दिली. तीन, तिच्या हयातीतलं तिचं खात्रीचं चित्र आज कुठंच नाही. जी चित्रं इंटरनेटवर फिरतात ती कित्येक शतकांनंतरची, कल्पनेतली. मग जुळवून बघायचं तरी कशाशी?

पण ही गोष्ट हवेतून आलेली नाही. चीनमध्ये राजाच्या चेहऱ्याचा बुद्ध घडवायची पद्धत खरोखर होती. ४५२ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाच्या रूपात बुद्धमूर्ती घडवली गेली आणि सम्राटाच्या अंगावर तीळ होते नेमक्या त्याच जागी दगडात काळे खडे निघाले, अशी नोंद त्या घराण्याच्या इतिहासात आहे. म्हणजे फेंगशियानच्या बुद्धात राणी बघणाऱ्या लोकांच्या मागं एक जुनी परंपरा होती.

शिवाय वैरोचन या शब्दाचा अर्थ सगळीकडं उजेड पाडणारा, सूर्यासारखा. आणि पुढं गादीवर बसायच्या वेळी वूनं स्वतःसाठी एक नवीन अक्षर तयार करून घेतलं, झाओ. आकाशावर सूर्य आणि चंद्र एकत्र, असं ते अक्षर. हा धागा लोकांनी नंतर जोडला असेल, पण तो जोडावासा वाटणं साहजिक आहे.

म्हणून चेहरा तिचा हे सिद्ध होत नाही, पैसा तिचा हे मात्र दगडावर लिहिलेलं आहे. आणि बाईच्या सौंदर्यप्रसाधनाचा खर्च बुद्धाला दिला, ही बातमी त्या काळच्या लोकांपर्यंत कशी पोचली असेल याचा विचार करून बघा.

चार मुलं आणि एक गादी

मूर्तीचं काम संपत आलं त्याच ६७५ साली तिचा थोरला मुलगा, युवराज ली होंग, अचानक वारला. वय २३. आईनं विष दिलं असा संशय घेतला गेला, पण तो आधीपासून आजारी असल्याच्याही नोंदी आहेत. दुसरा मुलगा ली शियान युवराज झाला. ६८० मध्ये बंडाच्या आरोपावरून त्याला हटवलं आणि ६८४ मध्ये हद्दपारीत त्याला आत्महत्या करायला लावली गेली.

६८३ च्या अखेरीला गाओझोंग वारला. तिसरा मुलगा गादीवर बसला. ह्युएन त्सांगनं ज्याला आशीर्वाद दिला होता तोच हा. त्यानं सासऱ्याला मोठं पद द्यायचा हट्ट धरला आणि दोन महिन्यांच्या आत आईनं त्याला उतरवलं. मग चौथा मुलगा ली दान नावाचा सम्राट झाला. कारभार अर्थातच आईकडं.

त्याच वर्षी यांगझोऊला बंड झालं. बंडखोरांच्या बाजूनं लुओ बिनवांग या कवीनं तिच्याविरुद्ध जळजळीत जाहीरनामा लिहिला. तो वाचून राणी चिडली नाही. इतका हुशार माणूस आपल्या नोकरीत कसा नाही, यात चूक आपल्या प्रधानाचीच, असं ती म्हणाल्याचं सांगतात. बंड काही आठवड्यांत चिरडलं गेलं.

भारतातून आलेलं सूत्र आणि बाईचं राज्य

आता तिला स्वतः सम्राट व्हायचं होतं. अडचण अशी की कन्फ्युशियन ग्रंथांत बाईनं राज्य करायला जागाच नव्हती. तांग राजे ली आडनावाचे, ते स्वतःला लाओत्सेचे वंशज म्हणवायचे, म्हणून ताओ धर्म त्यांच्या बाजूचा. उरला बौद्ध धर्म.

इथं उपयोगी पडलं महामेघसूत्र. धर्मक्षेम या भारतीय भिक्षूनं पाचव्या शतकात त्याचं चिनी भाषांतर केलं होतं. त्यात एका देवीबद्दल भविष्य होतं की ती पुढं स्त्रीच्या रूपात राज्य करेल. ६९० मध्ये काही भिक्षूंनी या सूत्रावर टीका लिहिली आणि ती स्त्री म्हणजे वूच, पृथ्वीवर आलेला मैत्रेय म्हणजे वूच, असं मांडलं. यात पुढं होता श्वे हुआइयी, तिचा मर्जीतला माणूस, ज्याला तिनंच भिक्षू केलं होतं. ते सूत्र ठेवायला राज्यभर महामेघ विहार काढायचा हुकूम निघाला.

त्याच वर्षी, साधारण ६६ वर्षांच्या वयात, तिनं तांग घराणं बाजूला सारून झोऊ नावाचं स्वतःचं घराणं जाहीर केलं. लुओयांग ही राजधानी. ६९१ मध्ये बौद्ध धर्माला ताओ धर्माच्या वरचं स्थान मिळालं. ६९३ मध्ये तिनं सुवर्णचक्र ही पदवी घेतली आणि दरबारात सप्तरत्नं मांडली. ही कल्पना थेट भारतातल्या चक्रवर्ती राजाची.

त्याच साली बोधिरुची या दक्षिण भारतीय भिक्षूनं रत्नमेघसूत्राचं भाषांतर केलं. त्यात महाचीन देशात एक स्त्री राज्य करेल असा मजकूर आला, जो आधीच्या चिनी भाषांतरांत नव्हता. तो कुठून आला असेल हे वेगळं सांगायची गरज नाही.

तिच्या दरबारात भारतातल्या पाच दिशांच्या राजांचे दूत आल्याचीही नोंद चिनी इतिहासात आहे. त्यात दक्षिणेच्या राजाचं जे नाव दिलंय ते चालुक्य वल्लभ असं वाचलं जातं. म्हणजे बदामीचे चालुक्य, ज्यांच्या राज्यात तेव्हा महाराष्ट्राचा मोठा भाग होता. आणि ६९५ मध्ये २४ वर्षांचा प्रवास करून इत्सिंग हा भिक्षू ग्रंथ घेऊन लुओयांगला परतला, तेव्हा त्याच्या स्वागताला ती स्वतः शहराच्या वेशीबाहेर गेली.

राज्य कसं होतं?

याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

६८६ मध्ये तिनं राजवाड्याबाहेर तांब्याची पेटी ठेवली. कोणीही तक्रार टाकावी, सल्ला द्यावा, कोणाबद्दल खबर द्यावी. खबर द्यायला येणाऱ्याला प्रवासात घोडे आणि जेवण सरकारी खर्चानं. यातून चुगलखोरांचं पीक आलं. लाइ जुनचेनसारख्या अधिकाऱ्यांनी छळ करून कबुल्या मिळवल्या आणि ली राजघराण्यातली कितीतरी माणसं, शेकडो अधिकारी मारले गेले. काम झाल्यावर ६९७ मध्ये लाइ जुनचेनलाही तिनं मृत्युदंड दिला.

दुसरीकडं सरकारी परीक्षा तिनं वाढवल्या, ६९० मध्ये उमेदवारांची परीक्षा स्वतः दरबारात घेतली, ७०२ मध्ये लष्करी परीक्षा सुरू केली. खानदान नसलेल्या हुशार पोरांना यातून वाट मिळाली. तिनं हेरलेले अधिकारी तिच्यानंतरही कित्येक वर्षं देश चालवत होते.

धर्माचंही तसंच. ६९२ मध्ये तिनं प्राणी मारायला आणि मासेमारीला बंदी घातली. हुकूम पुण्याचा होता, पण त्याच वेळी पूर्वेकडं दुष्काळ पडला. लोकांना मासे धरता येईनात आणि अनेक जण उपाशी मेले. ७०० मध्ये ती बंदी उठली.

श्वे हुआइयीनं तिच्यासाठी लुओयांगला जवळपास ९० मीटर उंचीचं सभागृह आणि त्यामागं प्रचंड बुद्धमूर्तीचं मंदिर बांधलं होतं. ६९५ च्या सुमाराला ते आगीत खाक झालं. मर्जी फिरली म्हणून रागाच्या भरात त्यानंच आग लावली, असं इतिहासकार सांगतात. त्यालाही मारण्यात आलं आणि सभागृह पुन्हा बांधलं गेलं.

७०० मध्ये तिला आणखी एक महाकाय बुद्ध घडवायचा होता. खर्चासाठी देशातल्या प्रत्येक भिक्षू-भिक्षुणीकडून रोज एक नाणं घ्यायचं ठरलं. तेव्हा म्हातारा प्रधान दी रेनजिए आडवा आला. विहार आधीच राजवाड्यांपेक्षा मोठे झालेत, जमीन त्यांच्याकडं, माणसं त्यांच्याकडं, हे सगळं शेवटी रयतेच्या पाठीवर येतं आणि असा बुद्ध बुद्धालाही आवडणार नाही, असं त्यानं लिहून दिलं. तिनं ऐकलं आणि काम थांबवलं. दी रेनजिए त्याच वर्षी वारला. तो गेल्यावर दरबार रिकामा झाला असं तिला वाटलं, अशी नोंद आहे.

६७२ मध्ये बुद्धासाठी तिनं स्वतःचे पैसे दिले होते. ७०० मध्ये तेच पैसे ती दुसऱ्यांच्या खिशातून काढायला निघाली होती. दोन मूर्तींमधल्या या २८ वर्षांत तिच्या सत्तेचं काय झालं ते यातून कळतं.

कोरा दगड

वारस कोण, माहेरचा भाचा की पोटचा मुलगा, यावर ती बरीच वर्षं अडून होती. मुलगा आईसाठी कुलदेवळात नैवेद्य ठेवेल, भाच्यानं आत्यासाठी तो ठेवल्याचं कोणी ऐकलंय का, हा दी रेनजिएचा मुद्दा तिला पटला. ६९८ मध्ये हद्दपार केलेला तिसरा मुलगा परत आला आणि युवराज झाला.

शेवटच्या वर्षांत ती आजारी असायची आणि झांग आडनावाच्या दोन देखण्या भावांनी दरबार ताब्यात घेतला होता. ७०५ च्या सुरुवातीला प्रधान झांग जियानझी आणि साथीदारांनी वाड्यात घुसून त्या दोघांना मारलं. तिला गादी सोडावी लागली, तांग घराणं परत आलं. त्याच वर्षाच्या अखेरीला, ऐंशी ओलांडल्यावर, ती वारली. सम्राट ही पदवी काढून आपल्याला पुन्हा राणी म्हणावं आणि नवऱ्याशेजारी पुरावं, अशी तिची शेवटची इच्छा होती. ज्या राणी वांग आणि शियाओला तिनं संपवलं, त्यांच्या कुटुंबांवरचा डागही तिनं जाताना पुसला.

शीआनजवळ छ्यानलिंग इथं दोघांची समाधी आहे. गाओझोंगच्या बाजूला त्याचं गुणगान करणारा शिलालेख, तिनंच लिहिलेला. तिच्या बाजूला साडेसात मीटर उंचीचा दगड, आणि त्यावर उभारताना एक अक्षरही कोरलेलं नव्हतं. आज त्यावर दिसतात ते लेख नंतरच्या शतकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कोरलेले. तो कोरा का ठेवला यावर चीनमध्ये आजही वाद होतात. कोणी म्हणतं तिनंच तसं सांगितलं, कोणी म्हणतं मुलाला काय लिहावं तेच सुचलं नाही.

फेंगशियानच्या चौथऱ्यावरचा लेख मात्र आहे. तो ७२२ मध्ये, तिच्या नातवाच्या राज्यात कोरला गेला. तोवर तिचं घराणं संपलं होतं, तरी तिची २०,००० सरांची देणगी कोणी खोडली नाही.

बुद्धाचे हात आता तुटलेत, गुडघ्यांखालचा भाग झिजलाय, शेजारच्या काश्यपाची मूर्ती बरीच पडलीय. विसाव्या शतकात लोंगमेनची कितीतरी शिल्पं फोडून विकली गेली. इथल्या बिनयांग लेण्यातला राजाच्या मिरवणुकीचा देखावा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि राणीच्या मिरवणुकीचा कॅन्सस सिटीच्या म्युझियममध्ये. मोठ्या बुद्धाला हात लावणं शक्यच नव्हतं, एवढा तो मोठा. २००० साली युनेस्कोनं लोंगमेनला जागतिक वारसा यादीत घेतलं.

त्यामुळं कधी लोंगमेनला गेलात आणि गाईडनं सांगितलं की हा चेहरा राणी वूचा, तर मान डोलावायला हरकत नाही. फक्त नंतर खाली चौथऱ्याकडंही बघा. तिचं नाव तिथं खरोखर लिहिलेलं आहे.